नऊ टिपक्यांचा डबा

"भाभी, तुमचा डबा चक्कीवर राहिला. घेऊन जाजो. दाई गेली."

संतराचा फोन याच क्रमानं आला. आधी डबा, मग दाई. संक्रांतीला चार दिवस होते, दुपारचे साडेतीन वाजले असतील, मी दुकानात एका मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलत होते. "गेली म्हणजे कुठं?" असं मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं. संतरा म्हणाली, "तुमचं दळण झालं, पट्टा उतरवला, डब्यावर ओलं फडकं बांधलं, आन् स्टुलावर बसली. मी चहा घेऊन आली त..." मी पातं तसंच ठेवून ऑटो केला. गोंदियाच्या रेलटोलीतल्या त्या छोट्या चक्कीत तोवर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या आणि निम्म्यांच्या हातात आपापले डबे होते. मीही माझा उचलला. चक्कीतून निघालेलं पीठ बराच वेळ गरम राहतं. माझ्या डब्यातलं अजून कोमट होतं.

दाईचं खरं नाव बिसाहिनबाई. राजनांदगावकडची, छत्तीसगढी. तिच्या बोलीत दाई म्हणजे आई, म्हणून सगळं गाव तिला दाई म्हणायचं. आमच्याकडं नव्यानं आलेले लोक ती सुईण आहे असं समजायचे, आणि ती त्यांचा गैरसमज कधी दूर करायची नाही. तिच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं तिला शेजारणीला देऊन टाकलं आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. बिसाना म्हणजे विकत घेणं. त्यावरून नाव. "मी कोंड्यात मिळाली बाई, आन् जिंदगी पिठात काढून राहिली. नफ्यातच आहो," असं ती सांगायची. लग्न होऊन गोंदियाला आली, नवऱ्यानं चक्की टाकली, तो दोन वर्षांत वारला, आणि तिनं चक्की बंद केली नाही. मूल नव्हतं. भावाची मुलगी संतरा, तिला लहानपणापासून तिनंच वाढवलं.

गोंदियाला मोठं शहर कोणी म्हणत नाही, आम्हीही नाही. पण जंक्शन आहे, आणि जंक्शनवर माणसं गाडी बदलायला उतरतात आणि काही राहून जातात. रेल्वेनं तेलुगू आणि बंगाली आणले. तंबाखू-तेंदूपत्त्यानं गुजराती आणले, धानानं मारवाडी. फाळणीनंतर सिंधी आले. राइस मिलमध्ये आणि विड्या वळायला छत्तीसगढी आले. आजूबाजूच्या गावांतले आम्ही पोवार, आणि चिचगड-देवरीकडचे गोंड, हे तर इथलेच. पुस्तकात हे दोन ओळींत आटपतं. दाईच्या चक्कीत ते फळीवर डब्यांच्या रांगेत लागलेलं असायचं. दाईला वाचता येत नव्हतं, म्हणून डब्यांवर नावं नसत, खुणा असत. लाल ऑइल पेंटचा एक डबा आणि काडेपेटीतली काडी, एवढं तिचं सामान. बंगाली बौदींच्या डब्यावर मासा. निवृत्त गार्डच्या घरच्या डब्यावर कंदील. गुजराती बेनच्या डब्यावर पतंग. सिंधी चाचींच्या डब्यावर स्टूल, आणि स्टूल कशाला हे चाचींनाही माहीत आहे की नाही, याची आम्हाला शंका होती. आमच्या डब्यावर नऊ टिपके.

दळायचा क्रम ठरलेला होता आणि तो कोणासाठी बदलत नसे. सकाळी चक्की झाडून पहिलं उपासाचं, राजगिरा, शिंगाडा. मग गहू, ज्वारी, मारवाड्यांची बाजरी. दुपारी डाळी, ढोकळ्याचं जाडं पीठ, चाचींच्या कोकीचं, म्हणजे सिंधी रोटीचं, त्याहून जाडं. तिखट-हळदीची मशीन वेगळी. आणि दोन दळणांच्या मध्ये ती आपल्या टोपल्यातले मूठभर तांदूळ टाकायची, म्हणजे आधीच्या घरचं दगडात अडकलेलं पीठ ते ढकलून बाहेर काढायचं. ते मिश्र पीठ ती एका पिंपात जमवायची आणि तिची भाकरी त्याचीच. स्वतःसाठी वेगळं दळण तिनं कधी दळलं नाही. "आज काय आहे जेवायला?" विचारलं तर म्हणायची, "आज मारवाडी जास्त आहे. काल सिंधी होतं."

त्यामुळं गावातल्या बातम्या तिला आधी कळायच्या आणि ती त्या सांगायची नाही. एका बंगाली घरून बिस्किटाच्या डब्यात सेरभर बाजरी आली, तेव्हाच तिला कळलं की त्या घरचा मुलगा मारवाड्याची मुलगी घेऊन आला आहे. गावाला कळायला अजून पंधरा दिवस लागले. मी तिला विचारलं होतं, "तू बोलली काऊन नाही?" तर म्हणाली, "ते बाजरीचं सांगणं होतं, माझं नाही."

माझ्याबद्दलही तिला असंच सगळ्यात आधी कळलं.

मी मुर्रीची. धानाची शेती, बोअर, बोअरवर मोटार. ती मोटार जळली की बाबा ती गोंदियाला रिवाइंडिंगला टाकायचे, आणि दुरुस्त करून बसवायला रवी यायचा. एका उन्हाळ्यात मोटार तीनदा जळली. तिसऱ्यांदा ती जळली नव्हती. रवीचे वडील रेल्वेत, घर तेलुगू, राजमहेंद्रीकडचं. आम्ही लग्न रजिस्टर केलं तेव्हा बाबा आले नाहीत, आणि अत्तय्या... सासूला तेलुगूत अत्तय्या म्हणतात, मी अजूनही तेच म्हणते... अत्तय्या आल्या, सही केली, घरी गेल्या आणि माझ्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त माझ्या हातचं खात नव्हत्या. मी स्वयंपाक करायची, सगळे जेवायचे, आणि त्या शेवटी स्वतःपुरता भात टाकून लोणच्याशी खायच्या. आठ महिने. मग संक्रांत आली. राजमहेंद्रीहून त्यांची बहीण, मेहुणे, भाचे असे सात जण येणार होते, सून बघायला. अत्तय्यांनी रवीला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून सांगितलं, तेलुगूत, पण मला कळेल इतकं सावकाश : अरिसेलु ही करेल. जमलं तर ही घरची. नाही जमलं तर तुम्ही दोघं वेगळी खोली बघा, मला माझ्या बहिणीसमोर खोटं बोलता येणार नाही. रवी एकुलता एक. तो म्हणाला, ठीक आहे. मला त्याच्या 'ठीक आहे'चीच जास्त भीती वाटली, कारण तो खरंच निघाला असता.

अरिसेलु म्हणजे तांदळाच्या पिठाचा आणि गुळाच्या पाकाचा तळलेला पदार्थ, एक असला तर अरिसे. अनारसे करणाऱ्या बायका आता हसतील, कारण पुढं काय झालं ते त्यांना इथंच कळलं असेल. पण आमच्या घरी अनारसे कधी झाले नाहीत. आम्ही घाऱ्या-वड्यांची माणसं. तांदूळ मात्र आमचे होते. सुगी झाल्यावर बाबांनी कोणाच्या तरी बैलगाडीत घालून चिन्नोरचं एक पोतं पाठवलं होतं. स्वतः आले नाहीत, निरोप नाही, नुसतं पोतं. चिन्नोर शिजला की तीन घरं पलीकडं कळतं, असा त्याचा वास. अत्तय्यांनी पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "मंचि वासन." वास चांगला आहे. त्या घरात माझ्याकडच्या कशालाही मिळालेला तो पहिला चांगला शब्द होता. अरिसेलु याच तांदळाचे करायचे, असं त्यांनीच ठरवलं.

तांदूळ त्यांनी दीड दिवस भिजवले, पाणी काढलं आणि मला म्हणाल्या, "कपड़े पे डालके चक्की ले जाना।" बास, एवढंच. त्यांना वाटलं, एवढं कोणालाही कळतं. आणि मला वाटलं, मला तर जास्तच कळतं. मी धानकऱ्याची मुलगी. ओलं धान्य चक्कीत घातलं की दगड चिकटून बसतो, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत असतं. मी गच्चीवर चादर अंथरली, तांदूळ पसरले, सकाळपासून दर अर्ध्या तासानं हात फिरवला, आणि दुपारी एक दाणा दाताखाली घेतला. धान वाळलं की नाही ते आम्ही असंच बघतो. कट्ट वाजला. मी खूश होऊन डबा भरला. मुर्रीत कोणीही शाबासकी दिली असती, असे कडक वाळले होते.

दाईनं डब्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"हे तेलुगू घरचं ना?"

"हो."

"काबर सुखाए नोनी? काऊन वाळवलं पोरी?"

"ओलं दळत नाही, दाई."

"ओलंच दळतेत. ओलं नसलं त पाक धरत नाही, तेलात घातलं की भुगा होते. पाह्य तिकडं." फळीवर नऊ डबे होते, नऊही रेल्वे कॉलनीतले, प्रत्येकावर ओलं फडकं. संक्रांतीआधीच्या आठवड्यातला एक दिवस ती अशा दळणासाठी राखून ठेवायची, सगळं कोरडं आटोपलं की शेवटी ओलं, आणि मग दगड साफ करायला पसाभर कोरडे तांदूळ. बायका डबे ठेवून घरी जायच्या आणि तासाभरानं न्यायला यायच्या. तिला हे माहीत होतं, कारण तिच्या माहेरी असाच पदार्थ करतात, ओल्याच पिठाचा. मला वाटलं होतं की मी एका परक्या घरचं काहीतरी अगम्य करते आहे. ते अगम्य फक्त मलाच होतं.

पुन्हा भिजवायचे तर दीड दिवस. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार होते. मी दाईला सगळं सांगितलं, वेगळ्या खोलीचंही. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, कारण ती दार अर्धं लोटत होती. मग तिनं एक वाडगा घेतला. पहिल्या डब्यातले वाडगाभर ओले तांदूळ रिकाम्या टोपल्यात, आणि माझ्या डब्यातले वाडगाभर कोरडे त्या डब्यात. हात घालून सारखं केलं, फडकं बांधलं. दुसरा डबा. तिसरा.

"दाई, ही चोरी होऊन राहिली."

"चोरी कायची? जेवढं घेतलं तेवढं त्याईच्यात घालून राहिली ना. वाडगाभरानं कोणाचं बिघडत नाही. नऊ घरचं बोटभर कोरडं होईन, आन् एका घरचं पुरं ओलं. हिसाब बरोबर आहे."

"कोणाला कळलं तर?"

"तू सांगशील?"

"नाही."

"मी सांगन?"

"नाही."

"मंग कोण, तांदूळ सांगतीन?"

तिनं माझं दळून दिलं, ओलसर, हातात दाबलं की मुटका होणारं. मग लाल पेंटचा डबा काढला आणि माझ्या नव्या कोऱ्या स्टीलच्या डब्यावर काडीनं टिपके दिले. मी मोजले, नऊ. "आता हा तुमचा नाही, नऊ घरचा डबा. उद्या यांतल्या कोण्या घराशी भांडण झालं त आधी याच्याकडं पाह्यजो." मी डबा पदराखाली घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अरिसेलु झाले. पाक मी आदल्या रात्रीच करून पीठ त्यात मिसळून ठेवलं होतं, तळताना अत्तय्या बाजूला उभ्या होत्या. पहिला अरिसे तेलातून काढला, दोन झाऱ्यांत दाबून तेल निथळलं. अत्तय्यांनी तो उचलला आणि खाण्याआधी नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मी त्याच्या मऊपणाची काळजी करत होते, त्यांच्या नाकाकडं माझं लक्षच नव्हतं. मग त्यांनी तो मोडून अर्धा तोंडात घातला, चावला, आणि स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या बहिणीला म्हणाल्या, "मा कोडलु चेसिंदि." आमच्या सुनेनं केलं. बहिणीनं चार खाल्ले. त्या दिवशी अत्तय्यांनी माझ्या हातचा भात वाढून घेतला. रवी जेवता जेवता मध्येच उठून बाहेर गेला आणि नळावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

संक्रांतीला कॉलनीत ताटांची देवाणघेवाण असते. नऊ घरांची ताटं आमच्याकडं आली. अत्तय्या प्रत्येक ताटावरचं फडकं काढून वास घेत होत्या आणि एकट्याच हसत होत्या. मला वाटलं, शेजारणींचं काही जमलं नाही म्हणून हसतात. मला जरा वाईटच वाटलं, कारण नसेल जमलं तर ते माझ्यामुळं. संध्याकाळी त्यांनी आमच्यातले चार अरिसेलु कागदात बांधले आणि म्हणाल्या, "ये चक्की पे देके आती।" आणि गेल्या. त्यानंतर दरवर्षी पहिले चार चक्कीवर जायचे. आपल्याकडं दसऱ्याला अवजारांना नैवेद्य दाखवतात तसं काहीतरी असेल, असं मी धरून चालले. विचारलं नाही. ज्या गोष्टीत आपणच अडकलेलो असतो तिच्या आसपासचे प्रश्न विचारू नयेत, एवढं मला कळत होतं.

बाबा पुढच्या वर्षी स्वतः पोतं घेऊन आले आणि अत्तय्यांशी तांदळावर दोन तास बोलले. ते पोवारी-हिंदीत, त्या तेलुगू-हिंदीत. पुढं रवीनं दुकान काढलं, मिक्सर दुरुस्तीचं, आणि मीही ते काम शिकले. दाई रवीला दुश्मन म्हणायची. "आला माझा दुश्मन. आज किती मिक्सर बरे केले? तेवढे माझे डबे कमी झाले." आणि चक्कीची मोटार बिघडली की याच दुश्मनाला बोलावणं यायचं. तो मोटार उघडून बसला की ती त्याच्या डोक्यावर उभी राहून मला विचारायची, "खरंच जळली का ही? का तुमच्या मुर्रीवाल्या मोटारीसारखी?" माझ्या मुलींसमोर विचारायची. मुलींना वाटायचं मुर्रीला एखादी प्रसिद्ध मोटार होती.

दाई गेली त्या दिवशी मी डबा घेऊन घरी आले आणि अत्तय्यांना सांगितलं. आता त्यांचं वय ऐंशीच्या वर, गुडघे गेलेत, नाक शाबूत आहे. त्यांनी डब्यात हात घालून पीठ दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाक चढा। गीला आटा रुकता नहीं।" ओलं पीठ थांबत नाही, आंबतं. खरंच होतं. आम्ही त्याच संध्याकाळी अरिसेलु केले. पहिले चार त्यांनी वेगळ्या डबीत ठेवले. चक्की बंद होती, पण अरिसेलु टिकतात.

तेरवीला संतरानं कोणाला बोलावणं पाठवलं नव्हतं आणि चक्कीसमोरच्या मोकळ्या जागेत दीडशे माणसं आली. प्रत्येकीनं काहीतरी करून आणलं होतं, आणि कोणी ठरवलं नसताना सगळ्यांनी पिठाचंच आणलं होतं. कोकी, ढोकळा, बाजरीची भाकरी, चिचगडहून बदलून आलेल्या एका मास्तरीणबाईंनी मोहाचे लाडू. संतरानं पिंपात उरलेल्या दाईच्या मिश्र पिठाच्या भाकरी केल्या आणि सगळ्यांना घास घास दिला. चव कशाची, ते सांगता येईना. गुजराती बेन म्हणाल्या ज्वारी आहे, चाची म्हणाल्या चणे आहेत, आणि दोघी वाद घालायला लागल्या. त्या वादातून बोलणी सुटली.

बंगाली घरातल्या त्या मारवाडी सुनेनं... तिचेच केस आता पांढरे झालेत... सांगितलं की ती बिस्किटाच्या डब्यातली बाजरी दाई चक्कीमागच्या चुलीवर तिला थापून द्यायची, आणि ती वर्षभर तिथं उभ्यानं खायची, सासरी कळू नये म्हणून. एक दिवस सासूच दारात उभी. हातात वाटीभर बाजरी. म्हणाली, मलाही एक थापून दे, रोज इथं काय खाते ते बघू. आमच्या चाची म्हणाल्या, त्यांची आई फाळणीत आली तेव्हा तिच्याजवळ काही नव्हतं, पण पुढं सगळं झालं तरी ती रोज ओंजळभरच गहू घेऊन चक्कीवर यायची. मुलं रागवायची, महिन्याचं एकदम का दळत नाही म्हणून. तिकडं सिंधमध्ये तिच्या घराच्या भिंतीला लागून चक्की होती. तिला तो आवाज हवा होता. ती सांगायची नाही, दाईनं विचारलं नाही, फक्त तिच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. त्याच स्टुलावर पुढं दाई बसायला लागली आणि त्याच स्टुलावर... चाचींनी हात झटकला आणि म्हणाल्या, "डब्बे पर जो बनाया, वो मेरी माँ का स्टूल है।" आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं. मग एकेक सुरू झाली. प्रत्येकीकडं एक गोष्ट होती आणि प्रत्येकीला वाटत होतं की ती आपल्या एकटीकडंच आहे. "मुझे बोली थी किसी को मत बताना।" "मले बी." तेरवीला एवढं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं. मी मात्र माझी गोष्ट सांगितली नाही, कारण माझ्या शेजारी अत्तय्या बसल्या होत्या, आणि कॉलनीतल्या नऊ घरांपैकी पाच घरच्या बायका समोर होत्या.

परत येताना ऑटोत आम्ही दोघीच. दाईशी ठरलं होतं की कोणी सांगायचं नाही, आणि ती तर आता सांगणार नव्हती. मग गप्प राहणारी मी एकटीच उरले, आणि ते मला जमेना. फाटक बंद होतं, मालगाडी लांबलचक होती. मी म्हटलं, "अत्तय्या, वो पहिली संक्रांत के अरिसेलु... वो चावल अपना नहीं था।" आणि सगळं सांगून टाकलं, गच्ची, दाताखालचा दाणा, वाडगा, सगळं. सत्तावीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात वावरले ती त्या एका तळणाच्या जोरावर, असं मला वाटत होतं. आता या वयात त्या मला वेगळी खोली बघायला सांगणार नव्हत्या, हे माहीत होतं.

अत्तय्या मालगाडीचे डबे मोजत होत्या. ही त्यांची जुनी सवय. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "मेरेको उसी दिन मालूम था।"

"दाईनं सांगितलं?"

"वो क्यों बोलेगी? तुम्हारे बाप का चावल बोला। अपने अरिसे में वासन नहीं। और नौ घर का थाली आया, नौ में वासन। मैं क्या पागल है?"

दाईचं तेवढंच चुकलं होतं. तांदळानं सांगितलं होतं.

मी विचारलं, मग तेव्हा बोलल्या का नाहीत. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पुन्हा ओले तांदूळ वाळवून आणलेत. "खाली डब्बा लेके रोते आती, तो बोलती। तू भरा डब्बा लाई। आठ महीने में तेरेको इस गाँव में एक आदमी मिला, जो तेरे लिए नौ घर में हाथ डालेगा। मैं इधर आई तब मेरेको पाँच साल लगा।" आणि म्हणाल्या, "इसलिए चार ले के गई थी मैं। बोली कुछ नहीं। वो भी कुछ नहीं बोली। चारों मेरे सामने खाई।" फाटक उघडलं. ऑटोवाल्यानं, जो इतका वेळ सगळं ऐकत होता, विचारलं, "अम्मा, फिर बाकी नौ घरवालों को पता चला क्या?" अत्तय्या म्हणाल्या, "तू गाड़ी चला।"

डबीतले चार अरिसेलु मी दुसऱ्या दिवशी संतराला नेऊन दिले. चक्की सुरू झाली होती. तिनं एक तिथंच तोंडात घातला, एका हातानं धान्य ओतत, आणि म्हणाली, "भाभी, कडक झाले." तेरा दिवसांचे होते, होणारच. पण चारही खाल्ले. स्टूल तिनं जागचं हलवलं नाही, त्यावर बसते. क्रम तोच आहे, उपासाचं पहिलं, ओलं शेवटी, मध्ये मूठभर तांदूळ. नवीन डब्यांवर खुणाही तीच काढते, मात्र तिचा मासा वांग्यासारखा दिसतो आणि बौदींनी तसं तिला तोंडावर सांगितलं आहे.

माझा डबा मी दर शनिवारी घासते. पिठाचा थर वगैरे मी जपून ठेवत नाही, त्यात टोके-किडे पडतात. नऊ टिपके इतक्या वर्षांत गेलेले नाहीत, ऑइल पेंट चांगला होता. तेरवीनंतरच्या शनिवारी मी घासून डबा पालथा घातला आणि थोड्या वेळानं बघते तर अत्तय्या नातीची नेलपॉलिशची बाटली घेऊन त्याच्याजवळ बसलेल्या. नऊच्या शेजारी त्यांनी दहावा टिपका दिला होता, जरा वाकडा. विचारलं तर म्हणाल्या, "नौ घर का हो गया। मुर्री का किधर है?"

नेलपॉलिश आहे, दोन-तीन घासण्यांत जातं. मग त्या परत लावतात.